रमजानच्या यादीतला पहिला रकाना

शेजारच्या काकूंची एकादशी असली की आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे पापड, रताळ्याच्या फोडी असं भरलेलं ताट येतं. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे सोलापुरात एकादशी जरा जोरातच असते. ताट हातात देताना काकू स्वतःवरच हसतात, ‘‘एकादशी, दुप्पट खाशी!’’

काही वर्षांपूर्वी रमजानच्या एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे इफ्तारीचं ताट घेऊन गेले. कांदाभजी, समोसे, कटलेट, फ्रूट चाट, लाल सरबत आणि दोन प्रकारचे खजूर. काकूंनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘अगं, तुमचीपण एकादशीच झाली की!’’

आम्ही दोघी खूप हसलो. पण त्याच रमजानच्या शेवटी मला ते हसू आठवून वाईट वाटलं. झालं असं की सत्ताविसाव्या रोज्याला सासूबाईंनी मला जवळ बोलावलं. आम्ही त्यांना अम्मा म्हणतो. अम्मांनी पंचवीस वर्षं विड्या वळून घर चालवलं. त्या वर्षी त्यांना इन्सुलिन सुरू झालं होतं आणि डॉक्टरांनी रोजे बंद केले होते. आजारपणामुळे ज्याला पुढेही रोजे धरता येणार नाहीत, त्याने प्रत्येक रोज्यामागे एका गरजूला जेवण द्यावं किंवा त्याची किंमत द्यावी, असं शरियत सांगते. त्याला फिदया म्हणतात. अम्मांनी हळू आवाजात विचारलं, ‘‘मेरे फिदये का क्या हुआ, बेटा?’’

घरात त्या दिवशी दोनशे रुपये होते. किराणा दुकानात उधारी चढली होती, तेलाचा पाच लिटरचा डबा सोळाव्या रोज्यालाच संपला होता. ईदच्या नमाजआधी द्यायचा फितराही अजून बाकी होता. चार माणसांचा फितरा तो काय, पण तोसुद्धा आम्ही भावाकडून उसने घेऊन दिला. ज्या महिन्यात दुसऱ्याची भूक समजून घ्यायची, त्या महिन्यात आम्ही आमच्याच जिभेपायी कर्जात गेलो होतो.

त्यानंतरच्या रमजानपासून मी वही ठेवते. आज जे लिहिते आहे ते त्या वहीतलं आहे. आमचं घर चौघांचं: आम्ही दोघं, आठवीतला मुलगा आणि अम्मा. तिघांचे रोजे असतात, अम्मांचं जेवण वेळच्या वेळी. मिळकत एका पगाराची आणि माझ्या शिकवण्यांची. अशी घरं आपल्या गावात सगळ्या जातिधर्मांत आहेत. म्हणून उपवास तुमचा असो वा आमचा, हिशेब सारखाच आहे.

जेवण कमी, बिल जास्त कसं?

रोज्यात दिवसभराचं एक जेवण, नाश्ता आणि दोन-तीन चहा बंद होतात. मग खर्च कमी व्हायला हवा. तो वाढतो, त्याची कारणं वही ठेवल्यावर मला दिसली.

पहिलं कारण तळण. रोज कढई चढली की तेल, बेसन, बटाटे, गॅस सगळंच वाढतं. दुसरं कारण बाहेरची इफ्तारी. विजापूर वेशीत मीना बाजार भरतो, गल्लोगल्ली समोसे आणि जिलबीच्या गाड्या लागतात. ‘आज एवढंच’ म्हणून शंभर रुपयांचं आणलेलं रोजचं होऊन बसतं. तीस दिवसांचे तीन हजार रुपये झालेले कुणाच्या लक्षातही येत नाहीत. तिसरं कारण उपाशीपोटी केलेली खरेदी. संध्याकाळी पाच-साडेपाचला रोजेदार बाजारात गेला की डोळ्यांना सगळंच हवंसं वाटतं. आणि त्याच वेळी फळांचा भावही चढलेला असतो, कारण अख्खं गाव त्याच तासाभरात फळं घेत असतं.

चौथं कारण जरा वेगळं आहे. पगार इंग्रजी तारखेला होतो आणि रमजान चंद्रावर चालतो. तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्यामुळे रमजान आणि पगाराचा महिना क्वचितच जुळतात. बहुतेक वर्षी एका पगारात रमजानची सुरुवात आणि दुसऱ्या पगारात ईद येते, नाहीतर अख्खा रमजान एकाच पगारात कोंबावा लागतो. पहिल्या दहा दिवसांत हात सैल सुटला की शेवटचे दहा दिवस कोरडे जातात. आणि इबादतीचे, दानाचे खरे दिवस तर शेवटचेच असतात.

आधी वही, मग पिशवी

रमजानच्या आधीचा महिना शाबान. त्याच्या शेवटच्या आठवड्यात मी वहीच्या एका पानावर चार रकाने आखते: किराणा, दूध-भाजी-फळं, अंडी-मटण आणि देणं. पूर्वी देणं हा शेवटचा रकाना होता. उरलं तर द्यायचं, आणि उरत काहीच नसे. आता तो पहिला आहे. चांदरात्रीच्या आधी ते पैसे वेगळ्या पाकिटात जातात आणि पाकीट अम्मांच्या उशीखाली.

बाकीच्या खर्चाचे चार आठवडे पाडते आणि प्रत्येक आठवड्याचं पाकीट करते. तीस रोजे झाले तर वरचे दोन दिवस चौथ्या पाकिटातच बसवते. एका आठवड्यात जास्त खर्च झाला तर पुढच्या पाकिटाला हात लावायचा नाही, असा घरात नियम आहे. मुलगा त्याचा हिशेबनीस आहे. आईचं ऐकलं नाही तरी वहीचं सगळे ऐकतात.

टिकणारा किराणा शाबानमध्येच भरून ठेवते, कारण रमजान लागला की खजूर, बेसन, हरभरे यांची मागणी एकदम वाढते. भाजी आणि फळं मात्र सकाळी मंडईतून किंवा मंगळवार बाजारातून आणायची. संध्याकाळी बाजारात जायचंच झालं तर मोजके पैसे घेऊन.

माझी चौघांची महिन्याची यादी अशी असते. भाव आमच्या दुकानातले आणि गोळाबेरीज धरलेले आहेत. तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील.

ज्वारी १० किलो, ५०० रुपये.
गहू ८ किलो, ३२० रुपये.
तांदूळ ५ किलो, २५० रुपये.
तूर आणि मसूर डाळ दीड-दीड किलो, मूगडाळ १ किलो, मिळून ४४० रुपये.
गावरान हरभरे २ किलो आणि मटकी १ किलो, २७० रुपये.
शेंगदाणे २ किलो, २६० रुपये.
बेसन १ किलो, १०० रुपये.
तेल ३ लिटर, ४५० रुपये.
साखर २ किलो, गूळ १ किलो, १५० रुपये.
खजूर २ किलो, ४०० रुपये.
चहा, मसाले, मीठ, सब्जा, ३५० रुपये.

किराण्याची बेरीज होते ३,४९० रुपये. त्यावर रोज एक लिटर दूध १,८००, भाजी १,४००, फळं रोज पन्नासची म्हणजे १,५००, साठ अंडी ४२०, महिन्यात चार किलो चिकन आणि एक किलो मटण मिळून १,६८०. सगळं मिळून १०,२९० रुपये. गॅस वेगळा. त्या वर्षीचा आकडा सोळा हजारांच्या वर गेला होता आणि तेव्हा वस्तूही स्वस्त होत्या.

ज्यांच्याकडे प्राधान्य कुटुंबाचं रेशनकार्ड आहे, त्यांना माणशी महिन्याला ५ किलो धान्य मोफत मिळतं. चौघांच्या घरात ते वीस किलो होतं. ते धान्य कमी प्रतीचं समजून विकून टाकणारी घरं मी पाहिली आहेत. निवडून, वाळवून दळलं तर भाकरी-चपातीचा मोठा भार त्यावर निघतो.

सहेरी: पोट धरणारी, पाणी न मागणारी

पहाटे उजाडण्यापूर्वीचं जेवण म्हणजे सहेरी. ‘झोप मोडायला नको’ म्हणून रात्रीच खाऊन झोपणारे बरेच असतात. पण सहेरी करणं सुन्नत आहे आणि शरीराच्या दृष्टीनेही तीच दिवसभराची शिदोरी आहे.

या शिदोरीत काय असावं? आम्हा सोलापूरकरांना दूर जायची गरज नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. पण आमच्या घरात मात्र रमजान लागला की भाकरीची जागा पराठे आणि पाव घेत होते! ज्वारीत तंतुमय भाग भरपूर, त्यामुळे ती हळूहळू पचते आणि भूक उशिरा लागते. मैद्याचं तसं नाही. पाव-खारी खाऊन निघालेल्या माणसाला दहा वाजताच पोटात कालवाकालव सुरू होते. एका किलो पिठात साधारण पंधरा भाकऱ्या होतात, म्हणजे एक भाकरी साडेतीन रुपयांच्या आत पडते. मैद्याचं पाकीट यापेक्षा स्वस्त पडत नाही.

भाकरीसोबत डाळ, उसळ किंवा अंडं, आणि दही. सोलापूरची शेंगाची चटणी तर आहेच. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. मात्र सहेरीची चटणी मी वेगळी कुटते, मीठ-तिखट निम्मं घालून. खारट, तिखट, लोणचं, पापड सहेरीत खाल्ले की दुपारी घसा कोरडा पडतो. चहाही अर्धा कपच.

आमच्या आठवड्याच्या सहेऱ्या अशा:

सोमवार: भाकरी, मसुरीची आमटी, दही.
मंगळवार: मूगडाळीची मऊ खिचडी, ताक.
बुधवार: चपाती, अंड्याची भुर्जी.
गुरुवार: भाकरी, डाळ घातलेली पालक किंवा मेथी.
शुक्रवार: गव्हाचा दलिया दुधात शिजवून, वर केळ्याच्या चकत्या.
शनिवार: भाकरी, मटकीची उसळ, दही.
रविवार: चपाती आणि रात्रीचं उरवलेलं चिकन.

यातली एक युक्ती सांगते. रात्रीचं जेवण आणि सहेरी यांची भाजी किंवा आमटी एकच करायची. संध्याकाळी शिजवली की अर्धी काढून फ्रीजमध्ये. पहाटे फक्त भाकरी थापायची. यात गॅस वाचतोच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घरच्या बाईची झोप वाचते. पहाटे सगळ्यांच्या आधी उठणारी तीच, आणि मगरीबची अजान झाली तरी हातात झारा घेऊन उभी असणारीही तीच. घरातले खजूर तोंडात घालतात तेव्हा ती शेवटचा घाणा काढत असते. माझाही रोजा कितीतरी वर्षं स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच सुटला. आता सगळ्यांसोबत दस्तरखानावर बसून सुटतो. वहीने माझे पैसे वाचवले त्यापेक्षा हे मला मोठं वाटतं.

इफ्तार: कढई आठवड्यातून दोनदाच

दिवसभर रिकाम्या पोटावर पहिल्याच घासाला तेलकट भजी आणि साखरेचं सरबत पडलं की काय होतं, हे प्रत्येक रोजेदाराला माहीत आहे. छातीत जळजळ, पोट तट्ट, आणि रात्री तरावीहच्या नमाजला उभं राहताना पाय जड. साखर झटकन चढते आणि तशीच उतरते, मग सुस्ती येते.

म्हणून आमच्याकडे कढई फक्त शुक्रवारी आणि रविवारी चढते. सुरुवातीला मुलगा रुसला. मी त्याला म्हटलं, रोज ईद असली तर ईदला काय करायचं? आता शुक्रवारच्या भज्यांची वाट तो गुरुवारपासून पाहतो, आणि खरं सांगायचं तर ती भजी पूर्वीच्या रोजच्या भज्यांपेक्षा चवदार लागतात. तळून उरलेलं तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवायचं. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात शरीराला अपायकारक पदार्थ तयार होतात.

बाकीच्या पाच दिवसांचा नियम सोपा आहे: खजूर, पाणी, एक फळ आणि एक कडधान्य. खजूर माणशी तीन. दोन किलोंत महिना जवळजवळ निघतो. अजवा किंवा भारी परदेशी खजूरच हवा असं काही नाही. साध्या खजुरानेही सुन्नत पूर्ण होते, आणि खजूर नसेल तर घोटभर पाण्यानेही रोजा सोडता येतो. डब्यावरचं नाव पाहून सवाब वाढत नाही.

फळ म्हणजे फ्रूट चाटमध्ये सात प्रकार नव्हेत. त्या दिवशी जे स्वस्त आणि हंगामाचं, ते एक. उन्हाळा चढायला लागला की कलिंगड, नाहीतर पपई, करमाळ्याकडची केळी. फळावर साखर आणि कंडेन्स्ड मिल्क घालायचं नाही. अम्मांसाठी पेरूची फोड वेगळी.

कडधान्यात हरभऱ्याची चाट आमच्या घरची आवडती. दीडशे ग्रॅम हरभरे सकाळी भिजवले की चौघांना पुरतात. कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू धरून पंचवीस रुपयांत वाडगे भरतात आणि प्रत्येकाला साधारण एका अंड्याइतकी प्रथिनं मिळतात. चार समोसे आणायला गेलं तर याच्या दुप्पट-तिप्पट पैसे जातात आणि पोटात मैदा-बटाटा जातो. हरभऱ्याचा कंटाळा आला की मोड आलेल्या मटकीची भेळ, मुगाचं धिरडं, दह्यातले उकडलेले बटाटे. लाल सरबताऐवजी लिंबू, गूळ आणि सब्जा. मशिदीत इफ्तारीचं ताट पाठवायचं असेल तेव्हाही केळी, खजूर आणि हरभरेच पाठवते. मजूर माणूस तिथे रोजा सोडतो, त्याला पोटभर काहीतरी मिळायला हवं.

मगरीबच्या नमाजनंतर लगेच ताटावर तुटून पडायचं नाही. थोड्या वेळाने साधं जेवण: भाकरी किंवा भात, आमटी, एक भाजी, कोशिंबीर. शनिवारी चिकन. मटण महिन्यात दोनदा, अर्धा-अर्धा किलो, आणि तेही दालच्यात. हरभऱ्याची डाळ आणि दुधी घातला की अर्धा किलो मटणाचा दालचा चौघांना दोन वेळा पुरतो. जुन्या बायकांनी दालचा का शोधून काढला असेल, ते वही लिहायला लागल्यावर समजलं.

पाणी एकदम ढोसायचं नाही. इफ्तारला दोन ग्लास, तरावीहच्या आधी दोन, नंतर दोन, सहेरीला दोन. आठ ग्लास सहज होतात. सोलापूरच्या उन्हात हे फार महत्त्वाचं. मीठही मोजून. रोज्यात भाजी चाखून पाहायची सोय नसते, म्हणून मी चमच्याने मीठ मोजायला शिकले. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे म्हणते. एक सपाट चहाचा चमचा. तो नियम रमजाननंतरही आमच्या घरात राहिला.

ज्यांना रोजा झेपत नाही

अम्मांना पहिल्या वर्षी रोजे सुटल्याचं फार लागलं होतं. सहेरीला त्या उगाच आमच्यात येऊन बसायच्या. शेवटी मशिदीच्या इमामसाहेबांनीच त्यांना समजावलं की आजारी माणसाला सवलत अल्लाहनेच दिली आहे, ती नाकारण्यात पुण्य नाही. आजारी, प्रवासी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया यांना ही मुभा आहे. तात्पुरती अडचण असेल तर रोजे नंतर भरून काढता येतात.

मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटावं. गोळ्यांच्या वेळा आपल्या मनाने बदलू नयेत. रोजा धरलाच असेल आणि साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा सोडायचा, असं डॉक्टर सांगतात. हात थरथरणं, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली की ‘आता थोडंच राहिलंय’ म्हणत बसू नये.

कुणाचा रोजा नसला तर त्याचं ताट वाऱ्यावर सोडायचं, असंही होता कामा नये. अनेक घरांत रमजानमध्ये दुपारी चूल पेटत नाही आणि म्हातारी माणसं, लहान मुलं बिस्किटांवर दिवस काढतात. मी पहाटेच दोन भाकऱ्या जास्त थापते आणि अम्मांचा दुपारचा डबा भरून ठेवते.

पाकिटाचा हिशेब

आता त्या पहिल्या रकान्याकडे येते. फितरा घरातल्या प्रत्येक माणसामागे द्यायचा असतो, ईदच्या नमाजआधी, म्हणजे गरिबाच्या घरीही त्या दिवशी चूल पेटते. आमच्याकडे तो साधारण दोन किलो गव्हाच्या किमतीने धरतात. शहरातले उलेमा दरवर्षी रक्कम जाहीर करतात, तीच अंतिम. मी वहीत माणशी ८० रुपये धरते. चौघांचे ३२०. अम्मांच्या तीस रोज्यांचा फिदया त्याच दराने २,४००. एकूण २,७२० रुपये. ज्यांच्यावर जकात आहे, त्यांचा अडीच टक्क्यांचा हिशेब वेगळा.

आता मागे वळून पाहा. बाहेरच्या इफ्तारीचे रोजचे शंभर रुपये, महिन्याचे तीन हजार. म्हणजे आम्ही त्या वर्षी जे समोसे आणि जिलबी खाल्ली, त्यात अम्मांचा पूर्ण फिदया आणि चौघांचा फितरा बसला असता, आणि वर २८० रुपये उरले असते. आमची मिळकत कमी पडली नव्हती. आमचा क्रम चुकला होता. आता किराणा आणि देणं मिळून महिना १३ हजारांत बसतो.

कुरआनमधल्या सूरह अल-अअराफमध्ये खाण्यापिण्याची मोकळीक दिली आहे, आणि त्याच दमात उधळपट्टीला मनाई केली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पोटाचे तीन भाग सांगितले, अन्नाचा, पाण्याचा आणि श्वासाचा. ही शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकतो. पण ऐकलेलं वहीत उतरेपर्यंत ती घरात येत नाही, हा माझा अनुभव आहे.

अम्मांचा फिदया आता पहिल्या आठवड्यातच जातो. मागच्या गल्लीत विड्या वळणारी एक विधवा बाई आहे, दोन मुलं आहेत. अम्मा पैसे देत नाहीत. मुलाला घेऊन दुकानात जातात आणि स्वतः यादी सांगतात: ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे, गूळ, गोडंतेल. दुकानदार एकदा म्हणाला, ‘‘अम्मा, रमजान आहे, थोडा मैदा, शेवया, डालडा टाकू का?’’ अम्मा म्हणाल्या, ‘‘जे माझी सून मला खाऊ घालते, तेच तिच्या पोरांना दे.’’

गेल्या रमजानमध्ये मी काकूंकडे ताट नेलं. एक वाडगा हरभऱ्याची चाट, पपईच्या फोडी, तीन खजूर आणि शुक्रवार होता म्हणून चार कांदाभजी. काकूंनी रुमाल उचलून पाहिलं.

‘‘यंदा दुप्पट खाशी नाही वाटतं?’’

‘‘नाही काकू, यंदा वही आहे.’’

पुढच्या एकादशीला ताट घेऊन काकू आल्या. रताळं उकडलेलं होतं, शेंगदाण्याची आमटी आणि वरईचा भात होता, पापड एकच. जाताना दारात थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘तुझी ती वही जरा दाखव गं. रकाने कसे आखलेस ते बघते.’’